गच्चीवरचं पार्सल

नाही, पण मला एक सांगा, पोत्याला मारायला शिकवणी लागते का हो? पोतं ते! ना त्याला तोंड, ना नाक, ना ते उलटून शिवी देणार... आणि त्याच्यासमोर सकाळी सहा वाजता एकोणपन्नास वर्षांचा बाप्या, म्हणजे मी, हिलाल पाटील, राहणार गोडादरा, सुरत, हातांना पट्ट्या गुंडाळून, डावा पाय पुढे, उजवी टाच वर, हनुवटी छातीला, दोन्ही मुठी गालाला, असा उभा, की येणाराजाणारा विचारतो, काका दाढ दुखते का? आणि मागून आमचे योगराज सर, वय वर्षं सत्तावीस, आपल्याच धरणगावकडचा पोरगा, घरी आईशी अहिराणी बोलतो, पण क्लासात पाय ठेवला की हिंदी, बॉक्सिंग म्हणे हिंदीतच येतं... तर ते मागून ओरडतायत, "काका, धक्का नहीं, मुक्का!"

धक्का नहीं, मुक्का! दिवसातून चाळीस वेळा! अरे बाबा, पण दोन्हीत फरक काय? तो कळायलाच मला अडीच महिने गेले. तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षं मी रिंग रोडच्या कापड मार्केटात पार्सलं बांधतोय. साड्यांच्या थप्प्या लावायच्या, गोणपाटात घालायच्या, वर उभं राहून पायांनी तुडवायच्या, दाभणाने शिवायच्या, आणि मग ते सत्तर-ऐंशी किलोचं धूड लिफ्टपर्यंत न्यायचं. कसं? ढकलून! आता सत्तावीस वर्षं जे अंग रोज ढकलतंय, त्याच्यापुढे तुम्ही तसंच एक लांबट धूड टांगलंत, तर ते काय करणार? ढकलणारच की! मी खांदा लावला, पाय रोवले, आणि दिलं ढकलून. बॅग गेली पार भिंतीपर्यंत. मला वाटलं, सर शाबासकी देतील. सरांनी कपाळाला हात लावला.

मुक्का म्हणजे कसा पाहिजे, तर जातो त्याहून लवकर परत आला पाहिजे. माझा हात एकदा गेला की तिथंच मुक्काम करायचा. मनगट सरळ पाहिजे, माझं वाकडं. मारताना नाकातून श्वास सोडायचा, सूं करून... मी नेमका घ्यायचो, मग ठसका लागायचा, मग पाणी, मग पाच मिनिटं बाकावर. आणि सर म्हणायचे, "काका, आवाज़ सुनो." मुक्का बसला की बॅग 'ठप्' वाजते, धक्का बसला की 'भस्स'. माझी कायम भस्स. बॅग झुलत लांब गेली की जागेवर थांबायचं, ती परत येताना तिला गाठायची. मी तिच्या मागे धावायचो! धरायचो, थांबवायचो, सरळ करायचो, वरून एक थाप मारायचो, झालं, चला पुढचं. सर म्हणाले, "काका, ये ट्रान्सपोर्ट में नहीं जानेवाली है. छोड़ो उसको." क्लासातली दहा-दहा वर्षांची पोरं फिदीफिदी हसायची. हसा बाबांनो. तुमचेही बाप कुठंतरी काहीतरी ढकलतच असतील.

तुम्ही म्हणाल, एवढं दुःख होतं तर गेलात कशाला? डॉक्टरांनी बीपी सांगितलं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते? चाला! रोज अर्धा तास चाला, एवढंच. बीपीला मुक्के मारा असं जगातला कुठला डॉक्टर सांगतो? पण बायकोने विश्वास ठेवला, म्हणजे, ठेवला असं दाखवलं. खरं कारण वेगळं होतं. सांगतो. सांगायला जड जातं, पण सांगतो.

माझी मुलगी योगिता. बावीस वर्षांची. दोन वर्षं झाली, माझ्याशी बोलत नाही. भांडत नाही हो! भांडली असती तर मी देवापुढे पेढे ठेवले असते. बोलतच नाही. मी दोन हातांवर बसलेलो असतो आणि ती म्हणते, "आई, त्यांना सांग, मोटर बंद करा, टाकी भरली." मग आमच्या सरलाबाई, साडीवर खडे चिकटवता चिकटवता, मान वर न करता, "मोटर बंद करा." मी म्हणतो, "तिला सांग, करतो." "करतात म्हणे." घर आहे की दलालाचं दुकान? सौदा दोघांचा आणि बोलणार तिसरा! सुरुवातीला मला राग आला. मग वाटलं, राहील महिनाभर. दोन वर्षं म्हणजे किती जेवणं होतात, केलाय कधी हिशोब? तेवढ्या वेळा मी ताटावरून उठलोय, पोट भरून आणि मन उपाशी.

आणि चूक कोणाची? माझीच. आहेच माझी, मी कुठं नाही म्हणतो! पोरगी बॉक्सिंग करायची. याच क्लासात, याच योगराज सरांकडे. चांगली होती. बॉक्सिंगमधलं मला काही कळत नव्हतं, पण तिची बॅग वाजली की खाली रस्त्यावरची माणसं वर बघायची, तेवढं मला कळायचं. दोन वर्षांपूर्वी वडोदऱ्याला राज्याची निवड होती, रविवारी. आणि त्याच रविवारी शिरपूरचे पाहुणे तिला बघायला येणार होते. मी म्हटलं, बाई, निवड काय दरवर्षी असते, शिरपूरवाले दरवर्षी येतात का? ती म्हणाली, "पप्पा, मी थांबणार नाही." ठीक आहे म्हटलं. आणि शनिवारी सकाळी तिची लाल किटबॅग उचलली, बूट, दातांचं रबर, मेडिकलचं कार्ड, सगळं त्यात, त्या कार्डाशिवाय रिंगणात घेतच नाहीत... आणि नेली मार्केटात. लपवायला. फेकायला नाही हो, देवाशपथ, लपवायला! रविवारी पाहुण्यांचं पक्कं झालं की परत आणणार होतो. अर्धवट भरलेलं एक पार्सल होतं, त्यात साड्यांच्या मधे ठेवली. तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन आलो, समोर अर्धं पार्सल दिसलं... आणि तुम्हाला सांगतो, तेव्हाही पंचवीस वर्षांची सवय, हात आपोआप चालतात. तुडवलं, दाबलं, शिवलं, ढकललं. दुपारी ध्यानात आलं तेव्हा ट्रक नवापूर ओलांडून गेलेला.

चार दिवसांनी बेगुसरायच्या व्यापाऱ्याचा आमच्या शेठला फोन, "भाईसाहब, दो सौ साड़ी के साथ ये लेडीज़ बूट और दाँत... ये कौन सी स्कीम है?" अख्खं मार्केट हसलं. मीही हसलो, काय करणार? घरी आलो तर कोणी हसत नव्हतं.

आणि ते शिरपूरवाले! पोहे खाल्ले, दोनदा खाल्ले, आणि मुलाची आई म्हणते कशी, "मुलगी ठोसे मारते असं ऐकलं. उद्या आमच्या पोराने भाजी अळणी म्हटली तर?" झालं. ना निवड, ना पाहुणे. पोरगी उठली, कप गोळा केले, आत गेली. त्या दिवसापासून मी 'त्यांना सांग' झालो. क्लास सोडला तिने. एका दुकानात बिलं करायला लागली. किटबॅग महिन्याभराने परत आली तीही तशीच माळ्यावर गेली, कोणी उघडली नाही.

तर माझ्या मनात काय आलं, ऐका. पोरीचा एक स्वभाव आहे, तिला चुकीचं बघवत नाही. टीव्हीवर मारामारी लागली की ही समोर उभी राहून, "अरे कोपर! कोपर आत घे!" तो तिकडे ऐकतोय होय? पण हिला राहवत नाही. मी म्हटलं, हिलालभाऊ, तू बॉक्सिंग शीक. आणि वाईट शीक. तिच्यासमोर इतकं वाईट मार, इतकं वाईट मार, की तिच्या तोंडातून एक शब्द तरी निघालाच पाहिजे. शिवी निघाली तरी चालेल!

पण ती क्लासात कुठं होती? म्हणून मला बॅग घरी पाहिजे होती. गच्चीवर. आणि बॅग विकत कशाला घ्यायची, मी म्हटलं, सुरतेत राहतो, पार्सलवाला आहे, चिंध्यांना काय तोटा? मोच्याकडून रेक्झिनची खोळ शिवून घेतली. मार्केटातून कापलेल्या काठांच्या, ब्लाउजपीसच्या चिंध्या आणल्या, चार पोती. आणि भरली. कशी भरली? तुम्हाला सांगतो, जीव लावून भरली! माझं पार्सल गुवाहाटीला जाऊन परत आलं तरी सुतळी सैल होत नाही, असं नाव आहे माझं मार्केटात. थरावर थर दिला, प्रत्येक थरावर आत उतरून नाचलो, वरून मुसळाने ठेचलं, पुन्हा थर, पुन्हा नाच. तोंडाशी दाभणाने दुहेरी टाका. पाण्याच्या टाकीच्या लोखंडी अँगलला साखळीने टांगली. चार माणसं लागली उचलायला. टांगल्यावर मी तिच्यावर थाप मारली, हलली नाही. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! सरलाबाई वर आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्हले येड लागनं का? आंडेर घरमा बोलत नही, नि बाप धाबावर पोत्याले मारस!" मी म्हटलं, लेकीचं सोड, हे बीपीसाठी. त्या म्हणाल्या, "हा, बीपी," आणि खाली गेल्या.

मग रोज संध्याकाळी, ती कामावरून यायच्या वेळेला, गच्चीवर माझा खेळ सुरू. आणि गंमत अशी की क्लासात मला आता मुक्का यायला लागला होता! हो हो, खोटं नाही सांगत. एका मंगळवारी बॅग 'ठप्' वाजली, सरांनी वळून बघितलं, म्हणाले, "ये किसने मारा?" मी हात वर केला, शाळेत कधी केला नव्हता. पण घरी काय उपयोग? घरी मला वाईटच मारायचं होतं. घरी मी मुद्दाम मनगट वाकडं करायचो, कोपर पंखासारखं बाहेर, हनुवटी आभाळाकडे, आणि मुक्का नाहीच, नुसता धक्का! धक्क्यावर धक्का! कानात सर ओरडत असायचे, धक्का नहीं, मुक्का, आणि मी मनात म्हणायचो, सर, आत्ता तुम्ही गप बसा, हे वेगळं प्रकरण आहे.

ती यायची. दोरीवरचे कपडे काढायची. बघायची. जबडा आवळायची, मला दिसायचं. चिमटे डब्यात टाकायची, जोरात. आणि खाली जायची. अठरा दिवस! अठरा दिवस मी जगातली सगळ्यात वाईट बॉक्सिंग केली, आणि एक शब्द नाही. मी मनातून खचलो, खरंच खचलो. रात्रीचं जेवण जाईना. वाटलं, ही पोरगी संपली आपल्यासाठी. असंही होतं काही घरांत. एकाच छपराखाली माणसं म्हातारी होतात आणि मधे कुणीतरी निरोप देत राहतं.

एकोणिसाव्या दिवशी रविवार होता. दुपारचे चार. मी एक असा धक्का दिला, दोन्ही हातांनी, डोळे मिटून, की माझीच मला लाज वाटली. आणि मागून आवाज आला.

"सरका."

तुम्हाला सांगतो... मला वाटलं शेजारच्या गच्चीवरून कोणी बोललं. वळून बघतो तर ही. तोंडातला चिमटा काढून हातात घेतलेला. थेट माझ्याकडे बघत! "सरका म्हटलं ना. असं मारतात?" मी सरकलो. इतका सरकलो की कठड्याला टेकलो. डोळ्यांत पाणी आलं, ते घामाचं आहे असं दाखवायला कपाळ पुसलं. तिने ओढणी कमरेला बांधली. पट्ट्या नाहीत, ग्लोव्ह्ज नाहीत, उघडे हात. मी पट्ट्या पुढे केल्या, तिने बघितल्या नाहीत. डावा पाय पुढे, गुडघे जरा सैल... काय उभी राहिली हो! डाव्याने दोनदा नुसतं टोचलं, अंतर मोजायला. आणि मग कंबर फिरली, खांदा आला, आणि उजवा.

'ठप्' नाही वाजलं. 'कट्' वाजलं.

आता बघा, कळलं का तुम्हाला? मला तेव्हा कळलं. अठरा दिवस माझ्या हाताला काही झालं नाही, कारण मी ढकलत होतो! पार्सलाला ढकललं तर कुणाला लागत नाही. त्याला मारायचं नसतं. आणि मी पोरीसमोर बॅग टांगलीच नव्हती, मी गुवाहाटीचं पार्सल टांगलं होतं. आत सूतभर जागा ठेवली नव्हती. क्लासातली बॅग मुक्का बसला की आत दबते, ही दबलीच नाही. जो ढकलतो तो वाचला. जिला खरा मुक्का येत होता, तिचा हात मोडला.

ती ओरडली नाही. खाली बसली, हात पोटाशी धरून. मी रिक्षा आणली, सरलाबाई रडायला लागल्या, आणि रडता रडता रिक्षात त्यांच्या तोंडून गेलं, "आते त्या ट्रायलनं काय व्हई?" मी म्हटलं, कोणती ट्रायल? मग कळलं. पुढच्या रविवारी राज्याच्या निवडीची ट्रायल होती. पोरीने क्लास परत धरला होता, तीन महिने झाले होते. संध्याकाळची बॅच! मी सकाळी, ती कामावरून सुटली की थेट तिकडे, मग घरी. मी सकाळी ज्या बॅगेला ढकलायचो, तिलाच ती संध्याकाळी मारायची. योगराज सरांना सगळं माहीत. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "काका, उसने मना किया था." आणि सुरू कधी केलं तिने? मी सुरू केल्यावर दहा दिवसांनी. माझ्या पट्ट्या दोरीवर वाळत घातलेल्या बघितल्या आणि आईला म्हणाली, "ते स्वतः जातात, तर मला आता कोण अडवतं?" म्हणजे माझं काम झालेलंच होतं हो! मी गच्चीवर काहीच टांगलं नसतं, तरी एक दिवस ती आपसूक बोलली असती. कदाचित जिंकून आल्यावर बोलली असती.

रिक्षात ती माझ्याकडे वळली. हळू आवाजात म्हणाली, "तेव्हा किट. आता हात." बस. दोन वर्षांत माझ्याशी बोललेलं सगळ्यात जड वाक्य. मी रिक्षावाल्याला म्हटलं, जरा जोरात चालव. तेवढंच माझ्या हातात होतं.

डॉक्टर तरुण होते. फोटो बघून म्हणाले, "याला बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणतात. तुम्ही बॉक्सिंग करता?" पोरीने मान खाली घातली. मी म्हटलं, "हो, ती करते." दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर हेच बोलायचं राहून गेलं होतं माझं. प्लास्टर, चार आठवडे.

ट्रायलचा रविवार आला. घरात टीव्ही कोणी लावला नाही. सकाळभर ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. दुपारी उठली, गच्चीवर गेली, आणि जिन्यातूनच आवाज दिला, "आधी ते पार्सल फोडा." कोणाला म्हणाली? सरलाबाई तर खाली दुकानात गेलेल्या. मलाच म्हणाली की! मी दाभण घेऊन पळालो. माझे दुहेरी टाके उसवायला माझेच मला दोन तास लागले. सत्तावीस वर्षांत स्वतःचं पार्सल स्वतः फोडलेलं नव्हतं. ती खुर्चीवर, गळ्यात हात अडकवून, "अजून काढा. अजून. मोकळं भरा. दाबू नका. दाबू नका म्हटलं ना! पाय बाहेर!"

तेव्हापासून रोज. मी कामावरून आलो की गच्ची. ती खुर्चीत बसते, बिलं करायचं काम बंदच आहे, उजवा हात अडकलेला, करणार काय? बसून बसून जीव जातो तिचा. मग माझ्यावर काढते. "हनुवटी." "कोपर." "श्वास कुठंय?" "तिच्या मागे पळू नका, येऊ द्या तिला." "हे काय? हा धक्का आहे, मुक्का मारा!" मी म्हटलं, सरांचं ऐकून झालं, आता हिचं ऐका. पण किती गोड लागतं म्हणून सांगू... एकदा तर हसली. माझा तोल गेला आणि मीच बॅगेला मिठी मारली, तेव्हा. अर्धा तास, रोज अर्धा तास. खाली उतरलं की पुन्हा "आई, त्यांना सांग." पण गच्चीवर मी आहे. गच्चीवर मला सरका म्हणतात.

परवा प्लास्टर काढायला गेलो. ती सकाळपासून तयार. पिशवीत पट्ट्या घेतलेल्या, मला दिसल्या, तिथून थेट क्लासात जाणार होती. संध्याकाळच्या बॅचला. म्हणजे माझी गच्ची बंद, हे मला कळलंच होतं. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडात धरला, मान हलवली. म्हणाले, "हाड नीट जुळलं नाही अजून. तीन आठवडे ठेवू." पोरीच्या डोळ्यांतून टपकन पाणी आलं. मी तोंड पाडलं. बापाला पाडावंच लागतं, आणि खोटं नाही, पोटात तुटलंही. पण त्याच्या खाली, अगदी खाली, मला बरं वाटलं हो. लेकरू रडतंय आणि बापाला बरं वाटतंय! असा मी माणूस.

डॉक्टरांनी माझा चेहरा बघितला. भला माणूस, खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "साहेब, तीनच आठवडे? नक्की?"

"अगदी नक्की. काळजी करू नका, त्याच्यावर एक दिवससुद्धा लागणार नाही."

तीच तर काळजी आहे हो!